अकाबा पाइपलाइन : इराकच्या तेलाची न झालेली वाट

अकाबा पाइपलाइन म्हणजे इराकचं कच्चं तेल जॉर्डनच्या अकाबा बंदरात नेण्यासाठी 1983 ते 1985 या काळात आखलेली तेलवाहिनी. दिवसाला 10 लाख पिंपं तेल वाहून न्यायचं आणि त्यासाठी अंदाजे 1 अब्ज डॉलर खर्च करायचा, अशी ही योजना होती. अमेरिकेच्या बेक्टेल कंपनीने आराखडा केला, अमेरिकेच्या सरकारी बँकेने कर्जाची तयारी दाखवली, जॉर्डनचे राजे हुसेन राजी होते. तरी एक पाइपसुद्धा जमिनीत गेला नाही. 2013 मध्ये हीच कल्पना नव्या रूपात पुढे आली आणि तीही आजवर कागदावरच आहे.

या विषयावर लिहायचं कारण सांगतो. मध्यपूर्वेत काही पेटलं की आपल्या ग्रुपवर मेसेज फिरू लागतात : इराकचं तेल पाइपातून गुपचूप इस्राएलला चाललंय, अमेरिकेने त्यासाठीच सगळं केलं, वगैरे. त्यात थोडं खरं असतं, बरंचसं ऐकीव असतं आणि दोन-तीन वेगवेगळ्या पाइपलाइनींची सरमिसळ झालेली असते. म्हणून कागदोपत्री काय आहे आणि आरोप कुठला, हे वेगवेगळं मांडावं असं आम्हाला वाटलं.

आधी नकाशा

इराक हा तेलाच्या बाबतीत श्रीमंत, पण किनाऱ्याच्या बाबतीत गरीब देश. त्याला समुद्र मिळतो तो बसऱ्याच्या खाली, जेमतेम 58 किलोमीटर. तिथून निघालेलं जहाज आखातातून होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतं आणि त्या सामुद्रधुनीच्या एका काठावर इराण बसलेला आहे. म्हणून वाळवंट ओलांडून भूमध्य समुद्राला किंवा लाल समुद्राला भिडणारी वाट इराक सतत शोधत आला.

पहिली अशी वाट इंग्रजांच्या काळातली. किर्कुकचं तेल 1935 पासून दोन फाट्यांनी जाऊ लागलं. पाइप हदिथापर्यंत एकत्र यायचा. तिथून एक फाटा फ्रेंचांच्या ताब्यातल्या लेबनॉनमध्ये त्रिपोलीला आणि दुसरा इंग्रजांच्या ताब्यातल्या फलस्तीनमध्ये हैफाला जायचा. हैफाच्या फाट्यावरच्या पंपिंग स्टेशनांना एच-1, एच-2, एच-3 अशी नावं होती, एच म्हणजे हैफा. पाइप कधीच मेला, पण ही नावं टिकली. पश्चिम इराकमधल्या एच-3 विमानतळाचं नाव युद्धाच्या बातम्यांत आपण ऐकलेलं असतं, ते तिथूनच आलं. 1936 ते 1939 च्या उठावात फलस्तिनी अरबांनी हा पाइप अनेकदा फोडला. 1948 मध्ये इस्राएल झालं आणि इराकने हैफाचा फाटा बंद केला. तो पुन्हा उघडलेला नाही.

हा जुना इतिहास सांगायचं कारण असं, की पुढे अकाबाची गोष्ट निघाली तेव्हा बगदादमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हैफा होतंच.

वाटा बंद झाल्या

22 सप्टेंबर 1980 ला इराकने इराणवर हल्ला केला. युद्धाआधी इराक दिवसाला 30 लाख पिंपांहून जास्त तेल बाहेर विकत होता. पहिल्या काही आठवड्यांतच आखातातले त्याचे दोन मोठे तेलधक्के, मिना अल-बक्र आणि खोर अल-अमाया, निकामी झाले. समुद्राची वाट गेली. उरले दोन पाइप : एक सीरियातून बनियासला जाणारा, दुसरा तुर्कस्तानातून जेहानला जाणारा.

एप्रिल 1982 मध्ये सीरियाच्या हाफिझ अल-असद यांनी पहिला पाइप बंद केला. दमास्कस आणि बगदाद दोन्हीकडे बाथ पक्षच होता, पण दोघांचं हाडवैर, आणि सीरिया या युद्धात इराणच्या बाजूने गेला. आता इराककडे तुर्कस्तानचा एकच पाइप राहिला. त्यातून दिवसाला 6-7 लाख पिंपं कशीबशी जात होती. लढाईचा खर्च वाढता आणि तेलाची निर्यात पाचव्या हिश्श्यावर आलेली, अशी सद्दाम हुसेन यांची अवस्था होती.

अकाबाची कल्पना इथून आली. हदिथाजवळून निघायचं, जॉर्डनचं वाळवंट ओलांडायचं आणि लाल समुद्राला लागून असलेल्या अकाबात तेल उतरवायचं. दक्षिणेकडच्या रुमैला क्षेत्राचं तेल हदिथापर्यंत आणायला इराकने 1975 मध्येच देशांतर्गत पाइप टाकून ठेवला होता, आणि तो दोन्ही दिशांनी चालवता यायचा. म्हणजे अर्धी वाट तयारच होती. होर्मुझ टळतं, सीरिया टळतो, एकट्या तुर्कस्तानवर अवलंबून राहावं लागत नाही. जॉर्डनलाही वाहतुकीचं भाडं मिळणार आणि घरात तेल येणार. जॉर्डनकडे स्वतःचं तेल जवळपास नाहीच.

रम्सफेल्ड यांची भेट

20 डिसेंबर 1983 चा तो फोटो वाचकांनी पाहिला असेल : सद्दाम हुसेन आणि डोनाल्ड रम्सफेल्ड हस्तांदोलन करताहेत. रम्सफेल्ड तेव्हा एका औषध कंपनीचे प्रमुख होते आणि अध्यक्ष रेगन यांचे मध्यपूर्वेसाठीचे खास दूत म्हणून बगदादला गेले होते. वीस वर्षांनी याच माणसाने संरक्षणमंत्री म्हणून इराकवर सैन्य धाडलं, म्हणून तो फोटो 2003 मध्ये जगभर फिरला.

त्या भेटीत काय बोलणं झालं, याची अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची टिपणं आता खुली झाली आहेत. वॉशिंग्टनच्या नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह या संस्थेने फेब्रुवारी 2003 मध्ये ती प्रसिद्ध केली. तेल बाहेर नेण्याच्या वाटांचा विषय त्यात आहे आणि अकाबाचं नावही आहे. सद्दाम यांचं म्हणणं थोडक्यात असं नोंदलंय, की इस्राएलच्या धोक्यामुळे इराकला आधी या योजनेत रस नव्हता. पण अमेरिकी कंपन्या आणि अमेरिकी सरकार त्यात उतरत असेल तर इराक नव्याने विचार करील.

त्याच काळात इराण युनोकडे तक्रार करत होता, की इराक आपल्या सैनिकांवर विषारी वायू सोडतोय. मार्च 1984 मध्ये अमेरिकेने जाहीर निषेधही केला. त्याच महिन्याच्या अखेरीस युनोच्या तज्ज्ञांनी मस्टर्ड गॅस आणि टाबुन वापरल्याचं नक्की केलं. आणि त्याच सुमारास रम्सफेल्ड पुन्हा बगदादमध्ये होते. वायूचा विषय निघालाच नाही असं नाही. डिसेंबरच्या दौऱ्यात परराष्ट्रमंत्री तारिक अझीझ यांच्याशी बोलताना तो निघाल्याची नोंद आहे. पण त्यामुळे व्यवहार अडला नाही. नोव्हेंबर 1984 मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले. त्या वायूखाली मेलेले आणि पुढे वर्षानुवर्षं खोकत जगलेले इराणी तरुण या फायलींत कुठेच नाहीत, हे वाचताना आम्हाला जाणवत राहिलं.

आणखी एक गोष्ट लोक बोट दाखवून सांगतात आणि ती खरी आहे. अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ हे आधी बेक्टेलचे अध्यक्ष होते आणि संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर हे बेक्टेलचे मुख्य वकील. शुल्ट्झ यांनी या प्रकल्पाच्या निर्णयांतून स्वतःला बाजूला ठेवल्याचं कागदावर आहे. बाकीचं ज्याने त्याने समजून घ्यावं.

हमी कोण देणार?

जून 1984 मध्ये अमेरिकेच्या एक्झिम बँकेने जवळपास 48 कोटी डॉलरच्या कर्जासाठी प्राथमिक मंजुरी दिली. युद्धात अडकलेल्या आणि कर्जात बुडालेल्या देशासाठी ही मोठी गोष्ट होती. आता अडलं कुठे?

नकाशावर अकाबा पाहिलं की उत्तर मिळतं. जॉर्डनचा अख्खा समुद्रकिनारा सुमारे 27 किलोमीटर, आणि त्याला लागूनच इस्राएलचं ऐलात शहर. एका गावातून दुसऱ्या गावातले दिवे दिसतात. जॉर्डन आणि इस्राएल यांच्यात तेव्हा तहही नव्हता; तो झाला ऑक्टोबर 1994 मध्ये. त्यात 7 जून 1981 ला इस्राएलच्या विमानांनी बगदादजवळची इराकची ओसिराक अणुभट्टी उडवली होती. तीन वर्षं पुरती झाली नव्हती, तोच इराकला सांगितलं जात होतं, की तुझी तेलाची टाकी ऐलातच्या शेजारी बांध.

इराकने साधी अट घातली. इस्राएलने पाइप तोडला किंवा बंद पाडला, तर कर्जाचे हप्ते आम्ही भरणार नाही. आपल्याकडे दुकानासाठी कर्ज काढताना जामीनदार मागतात, तसं हे. अमेरिका दोस्त म्हणवते, इस्राएल अमेरिकेचं ऐकतं असं म्हणते, मग तिनेच जामीन राहावं. अमेरिका राहायला तयार नव्हती. इस्राएलचा हल्ला ‘होणार नाही’ असं खासगीत सांगायला सगळे तयार होते. ‘झाला तर पैसे आमचे’ असं लिहून द्यायला कुणीच नव्हतं.

आमच्या मते अकाबा प्रकल्प इथेच संपला होता. पुढची दीड वर्षं हमीची पळवाट शोधण्यात गेली.

पत्र, दलाल आणि चौकशी

ही पळवाट शोधायला ब्रूस रॅपापोर्ट पुढे आले. जन्म हैफाचा, धंदा स्वित्झर्लंडमधून, तेल आणि जहाजांच्या व्यवहारात मुरलेले. इस्राएलचे तेव्हाचे पंतप्रधान शिमॉन पेरेझ यांच्याशी त्यांची ओळख होती. पाइपलाइनला इस्राएल धक्का लावणार नाही अशा आश्वासनाचं पेरेझ यांचं पत्र त्यांनी 1985 च्या सुरुवातीला मिळवलं. बदल्यात रॅपापोर्ट यांना सवलतीच्या दराने तेल उचलण्याचा हक्क हवा होता.

रॅपापोर्ट यांच्या बाजूने काम करणारे एक वकील, रॉबर्ट वॉलक, हे अमेरिकेचे ॲटर्नी जनरल एडविन मीझ यांचे जुने मित्र. वॉलक यांनी 1985 मध्ये मीझ यांना जे टिपण दिलं त्यात लिहिलं होतं, की या व्यवस्थेतून इस्राएलला दहा वर्षं दरवर्षी साडेसहा ते सात कोटी डॉलर मिळतील, आणि त्यातला काही भाग पेरेझ यांच्या लेबर पक्षाकडे जाईल. हे टिपण 1988 मध्ये बाहेर आलं तेव्हा मोठी खळबळ उडाली. पेरेझ यांनी साफ इन्कार केला. मीझ यांच्याविरुद्ध स्वतंत्र वकील जेम्स मॅके यांनी चौकशी केली. पाइपलाइनच्या प्रकरणात खटला भरण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला. मीझ यांनी त्याच वर्षी पद सोडलं.

म्हणजे नक्की काय म्हणता येतं? इस्राएलला पैसे मिळतील असं एका वकिलाने लिहिलं होतं, हे पक्कं. ते पैसे कुणी दिले किंवा घेतले, असं सिद्ध झालेलं नाही; पाइपच झाला नाही, तर पैसे कुठून जाणार? ‘अमेरिकेने सद्दामकडून इस्राएलला हप्ता बांधून दिला होता’ असा जो मेसेज फिरतो, तो याच टिपणाची वाढवलेली आवृत्ती आहे.

इराकने तोवर दुसरी सोय केली होती. सप्टेंबर 1985 मध्ये दक्षिण इराकमधून सौदी अरबस्तानात जाणारा पाइप सुरू झाला. दिवसाला 5 लाख पिंपं तेल सौदीच्या आडव्या पाइपलाइनला जोडून यानबूला जाऊ लागलं. हज-उमऱ्याला गेलेल्यांना यानबू माहीत असेल, मदिनेहून लाल समुद्राकडे उतरलं की लागतं. तुर्कस्तानचा पाइपही वाढवला जात होता. या दोन्ही वाटांवर ऐलात नव्हतं. 1985 संपता संपता अकाबाचा प्रस्ताव बाजूला पडला.

ऑगस्ट 1990

सौदीतला दुसरा, मोठा पाइप पुरा होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा 2 ऑगस्ट 1990 ला इराकने कुवेतवर कब्जा केला. 6 ऑगस्टला युनोचे निर्बंध आले. त्याच महिन्यात तुर्कस्तानने पाइप बंद केला आणि सौदीनेही. अब्जावधी डॉलर ओतून केलेल्या सगळ्या वाटा काही दिवसांत थंड झाल्या. सौदीतला पाइप पुढे 2001 मध्ये सौदी सरकारने ताब्यातच घेतला.

जॉर्डनचं मात्र वेगळं झालं. सौदीचं तेल जुन्या टॅपलाइनमधून जॉर्डनच्या झरका रिफायनरीला यायचं, ते 1990 मध्ये थांबलं, कारण राजे हुसेन यांनी इराकविरोधी आघाडीत जायला नकार दिला होता. मग इराकचं तेल जॉर्डनला येऊ लागलं, पाइपातून नव्हे, टँकरमधून. काही फुकट, काही सवलतीत. युनोने निर्बंधांतून त्याकडे डोळेझाक केली. 2003 मध्ये अमेरिकेचे रणगाडे येईपर्यंत बगदाद-अम्मान रस्त्यावर टँकरची रांग तुटली नाही.

हा रस्ता आपल्याही काही घरांना ठाऊक आहे. कुवेतमध्ये अडकलेली कोकणातली माणसं, खेड-दापोलीची, श्रीवर्धन-म्हसळ्याची, त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बसऱ्याहून बगदाद आणि बगदादहून वाळवंट ओलांडून अम्मानला याच रस्त्याने आली. सरहद्दीवर रुवैशिदजवळ तंबू, पाण्यासाठी रांगा, आणि मग अम्मानहून एअर इंडियाचं विमान. दोन महिन्यांत एक लाखाहून जास्त भारतीय असे परत आणले गेले. रुतबा, एच-3, एच-4 ही नावं त्या प्रवाशांनी पाट्यांवर वाचली असतील. अकाबाचा पाइप झाला असता तर जवळपास त्याच पट्ट्यातून गेला असता.

पुन्हा तीच योजना

9 एप्रिल 2013 ला इराक आणि जॉर्डनने नवा करार केला. आता वाट बसरा-हदिथा-अकाबा, लांबी सुमारे 1,700 किलोमीटर, क्षमता पुन्हा 10 लाख पिंपं, त्यातली दीड लाख जॉर्डनसाठी. खर्चाचा अंदाज मात्र 18 अब्ज डॉलर. तीस वर्षांत आकडा अठरा पट झाला. तुलना अगदी सरळ नाही, कारण ही लाइन खूप लांब आहे आणि जोडीला गॅसचाही पाइप धरला होता.

वर्षभरात दाएश म्हणजे आयसिसने अनबार प्रांताचा मोठा भाग घेतला. जून 2014 मध्ये रुतबा आणि जॉर्डनच्या सरहद्दीवरचं त्रेबील नाकं त्यांच्या हाती गेलं. हदिथा शहर मात्र पडलं नाही. तिथल्या टोळ्यांनी आणि सैन्याने ते धरून ठेवलं. पण चारही बाजूंनी वेढलेल्या गावातून पाइप कोण टाकणार? 2019 मध्ये दोन्ही सरकारांनी पुन्हा बोलणी केली. मग इराकमध्येच विरोध झाला. खर्च फार आहे ही एक तक्रार, आणि दुसरी तीच जुनी : अकाबात उतरलेलं तेल शेजारी ऐलातला जाणार नाही कशावरून?

या शंकेला खतपाणी मिळालंय हे कबूल करायला हवं. 2003 मध्ये बगदाद पडल्यावर इस्राएलचे मंत्री योसेफ परिट्झकी यांनी हैफाचा पाइप पुन्हा सुरू करायची भाषा केली होती. जून 2014 मध्ये इराकी कुर्दिस्तानचं तेल घेतलेलं जहाज इस्राएलच्या अश्कलोनला लागल्याचं वृत्त रॉयटर्सने दिलं. इस्राएलला तेल विकल्याचं कुर्दिस्तानच्या सरकारने नाकारलं. पण ते तेल तुर्कस्तानच्या जेहानहून निघालं होतं, त्याचा अकाबाशी काही संबंध नाही. मेसेजमध्ये नेमकी इथेच सरमिसळ होते. आणि इराकच्या संसदेने मे 2022 मध्ये इस्राएलशी कुठलेही संबंध ठेवणं गुन्हा ठरवणारा कायदा केला, त्यात शिक्षा मृत्युदंडापर्यंत आहे. बगदादचं सरकार उघडपणे असा व्यवहार करील, हे त्यामुळे अवघडच.

पाइपची गरज मात्र संपलेली नाही. इराकचं बहुतेक तेल आजही बसऱ्याहून, म्हणजे होर्मुझमधूनच निघतं, आणि 2017 नंतर काही वर्षं भारताला सर्वांत जास्त तेल पुरवणारा देश इराकच होता. तेव्हा होर्मुझमध्ये काही झालं की त्याची झळ आपल्या पेट्रोल पंपापर्यंत येते. तुर्कस्तानचा पाइप मार्च 2023 मध्ये एका लवादाच्या निकालानंतर बंद झाला आणि सुरू व्हायला सप्टेंबर 2025 उजाडलं. अकाबा असतं तर उपयोग झाला असता का? युरोपसाठी झाला असता. भारताकडे यायचं तर तिथून निघालेल्या जहाजाला लाल समुद्र उतरून येमेनजवळच्या बाब अल-मंदबमधून यावं लागलं असतं, आणि नोव्हेंबर 2023 पासून तिथे जहाजांवर काय बेतलं ते सर्वांना माहीत आहे.

2019 मध्ये टँकर मात्र पुन्हा सुरू झाले. दिवसाला 10,000 पिंपं, बाजारभावापेक्षा 16 डॉलर कमी दराने, इराकमधून झरका रिफायनरीला. 32 हजार लिटरचा टँकर धरला तर रोजच्या पन्नासेक गाड्या होतात. पाइपची जी क्षमता दोन्ही वेळा कागदावर लिहिली गेली, तिचा हा एक टक्का.